छंद नव्हे, आधीचंच शिक्षण
‘निवृत्तीनंतर रँडी जॉन्सनला कॅमेऱ्याचा छंद लागला’ हे या माजी अमेरिकी बेसबॉल पिचरवरच्या (म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवरच्या) लेखातलं वाक्य काही पटलं नाही. १९८५ मध्ये माँट्रियल एक्स्पोज या बेसबॉल संघाने त्याला निवडलं, त्याआधी तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात फोटोजर्नालिझमच शिकत होता. म्हणजे मधली ३०३ विजयांची, ४,८७५ स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद करण्याची) कारकीर्द हाच आडवळणाचा रस्ता म्हणायचा!

त्याच्यासारखेच मी स्वतःही कॉन्सर्टचे फोटो काढतो. बहुतेक ठिकाणी पहिली तीन गाणी झाली की आम्हाला स्टेजसमोरून हुसकावतात. तेवढ्यात लाइट दहादा बदलतो, शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ ठेवलं की ड्रमरचे हात फराटे होतात. छंद म्हणून असली हमाली कोण करेल? बाकी ६ फूट १० इंचांचा हा माणूस पुढे उभा राहिला, की मागच्या फोटोग्राफरांनी काय करायचं, देव जाणे.