आधी कागदावर, मग पानात

भाज्या खाव्यात म्हणून माणसाच्या जेवढं मागे लागतात, तेवढं दुसऱ्या कुठल्याही खाण्यासाठी कुणी लागत नाही. लोह, तंतू, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अशी यादी सुरू झाली की माझी भूक तिथेच मरते. जे मुळात चांगलं लागतं, त्याच्या बाजूने इतके साक्षीदार कशाला उभे करावे लागतील? तळलेल्या बटाट्यात कोणकोणते गुण असतात, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्यामुळे भाज्या पानाच्या कडेला सारण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आणि त्याची मला कधी खंत वाटली नाही.

मग मी जलरंग शिकायला लागलो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "घरातली भाजी समोर ठेवा आणि काढा." त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. भाजी हलत नाही, बोलत नाही, आणि चित्र पूर्ण झाल्यावर "माझं नाक असं आहे का?" असंही विचारत नाही.

पहिला मान वांग्याला मिळाला. वांगं म्हणजे जांभळा रंग घ्यायचा आणि फासायचा, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तो जांभळा मिळवण्यातच सकाळ जाते. अल्ट्रामरीन निळा आणि अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल एकमेकांत मुरवायचे. गडद भागासाठी काळ्याकडे हात जातो, पण काळा आला की वांगं कागदावरच सडतं. त्यातून जलरंगात पांढरा वापरायचा नसतो. जिथे चकाकी हवी, तिथला कागद कोरा राखायचा. म्हणजे रंगवायला बसण्याआधी कुठे रंगवायचं नाही, हे ठरवायचं. त्यासाठी मी वांग्याकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या फुगीर अंगावर आमची खिडकी दिसली. अख्खी खिडकी, गजांसकट, थोडी वाकलेली. देठाची टोपी जरा उचलून पाहिली, तर खाली साल फिकट, हिरवट-पांढरी. बहुतेक वांग्यांच्या सालीला जांभळा रंग चढायला उजेड लागतो आणि टोपीखाली तो पोचत नाही. इतकी वर्षं वांगं मला नकोसं होतं. पण नको म्हणायच्या आधी त्याच्याकडे बघावं, हे कधी सुचलं नव्हतं.

एवढं कळल्यावर चित्र उत्तम यायला हवं होतं. पण जलरंगाला घाई चालत नाही आणि आळसही चालत नाही. रंग अर्धवट वाळलेला असताना वर ओला ब्रश टेकला, की पाणी आतला रंग ढकलत कडेला नेतं आणि झालरीसारखा डाग उमटतो. चित्रकार या डागाला 'कॉलिफ्लॉवर' म्हणतात. थोडक्यात, सकाळभर खपून मी वांगं लावलं आणि फ्लॉवर उगवला.

"अहो, झालं का त्या वांग्याचं? कढई तापलीय."

"अगं, सावली राहिलीय अजून."

"सावली मला शिजवायची नाहीये."

वांगं गेलं आणि जेवणाच्या वेळी पानात आलं. आता पंचाईत अशी, की ज्याच्या अंगावरच्या खिडकीशी सकाळभर झुंजलो, त्याला कडेला कसं सारायचं? निव्वळ ओळखीखातर एक घास घेतला. मऊ गर, किंचित धुरकट कडा, दाताखाली चिवटपणे येणारी साल. बरं लागलं. हे मोठ्याने बोलणं धोक्याचं होतं, म्हणून नुसतीच मान हलवली.

याच्यामागे शास्त्र आहे. १९६८ साली रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं, की एखादी गोष्ट वारंवार नजरेस पडली, तर बाकी काही न घडताही ती आवडायला लागते. त्याने निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं आणि अनोळखी चेहरे वापरले होते. भाज्या वापरल्या असत्या, तर निदान प्रयोगशाळेतल्या लोकांची जेवणाची सोय झाली असती.

खरी उलथापालथ केली ती हिरव्या रंगाने. ट्यूबमधला तयार हिरवा थेट कागदावर लावला, की घेवडा प्लास्टिकच्या खुर्चीसारखा दिसतो. म्हणून निळ्यात पिवळा घालायचा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालून त्याचा भडकपणा मोडायचा. सिएना जरा जास्त झाला, की मरगळलेला, शेवाळी हिरवा तयार होतो. तो रंग पॅलेटवर पाहिला आणि मी दचकलो, कारण मी त्याला पुरता ओळखत होतो. लहानपणापासून माझ्या पानात येणारा घेवडा याच रंगाचा होता. भाजी जास्त वेळ शिजली, की उष्णतेने आणि तिच्याच अंगच्या आम्लाने हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि उरतो तो हा रंग. म्हणजे माझं वैर घेवड्याशी नव्हतंच. ते गॅस वेळेवर बंद न करणाऱ्यांशी होतं!

हा शोध मी स्वयंपाकघरात जाहीर केला. झाकण उघडं ठेवलं तर आम्ल वाफेबरोबर निघून जातं, भरपूर उकळत्या पाण्यात थोडाच वेळ ठेवायचं, दाताखाली किंचित करकरला पाहिजे, वगैरे. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि झारा माझ्या हातात दिला. "रंग तुम्हाला कळतो ना? मग तुम्हीच बघा." तेव्हापासून आमच्याकडे जो काढेल तोच शिजवेल, असा कायदा आहे. या कायद्यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

सगळ्याच भाज्यांशी असं सूत जुळलं असं कुणी समजू नये. कारलं घ्या. खरखरीत कागद, जवळजवळ कोरडा ब्रश आणि कारलं, यासारखी मेजवानी नाही. ब्रश नुसता आडवा ओढला, की खवले आपोआप उमटतात आणि येणारा-जाणारा "वा!" म्हणतो. कारल्याची चित्रं माझ्याइतकी कुणी काढली नसतील. पण कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच. त्यात रंगवलं तरी, एवढी भर मी घालतो. पालकाचा प्रश्न वेगळा. तो दिव्याखाली बघता बघता माना टाकतो, त्यामुळे चित्रात डावीकडची पानं ताजी आणि उजवीकडची दुखवट्याला बसलेली.

कोबीने मात्र मला थेट इतिहासात नेलं. हुआन सांचेस कोतान या स्पॅनिश चित्रकाराने १६०२ च्या सुमारास एका काळ्याशार खिडकीत दोरीने टांगलेला कोबी रंगवला. तैलरंगात का होईना, पण एकेका पानाची दुमड अशी, की बघताना श्वास धरावा. पुढे लवकरच तो कार्थूसियन या ख्रिस्ती संन्याशांच्या मठात दाखल झाला, जिथे मांस वर्ज्य असतं. लोक याचं कारण भक्ती सांगतात. मला विचाराल, तर इतका वेळ कोबीकडे टक लावून बसल्यावर माणूस दुसरं करणार तरी काय? मीही हौसेने दाराच्या चौकटीला कोबी टांगला. तो आल्यागेल्याच्या कपाळावर आदळायला लागल्यावर उतरवावा लागला. पण त्या संध्याकाळी तो जाडसर चिरून मोठ्या आचेवर कडा करपेपर्यंत परतला आणि वर लिंबू पिळलं. कढईतलं घरातल्यांना वाढायला उरलं नाही, यावर सध्या एवढंच बोलतो.

राहता राहिला दुधी. त्याला ना चकाकी, ना सुरकुती, ना शिरा. नुसता लांबलचक फिकट हिरवा उतार, आणि असा सपाट उतार एका हाताने डाग न पडता उतरवणं हे जलरंगातलं सगळ्यात अवघड काम. बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "सरावाशिवाय येत नाही." हे मी घरी येऊन बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी टेबलावर तीन दुधी, एकापेक्षा एक लांब, आणि शेजारी झारा.