पुलंच्या नावावर काहीही

लिहिणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आज पुन्हा एक 'पुलंचा' उतारा येऊन पडला. विषय काय, तर बायको आणि मोबाइलचं चार्जिंग. खाली ठळक अक्षरांत 'पु. ल. देशपांडे', दोन हसरे चेहरे आणि एक गुलाब. अहो, पुलं गेले १२ जून २००० ला! व्हॉट्सअ‍ॅप आलं २००९ मध्ये. मग चार्जिंगवर कोट्या काय वरून पाठवतायत?

फॉरवर्डवाल्या काकांना हे सांगावं तर उत्तर तयार: "असू दे हो, भावना पोचल्या ना!" कुणाच्या भावना? ज्याने लिहिलं त्याचं नाव उडवलंत, आणि ज्याने असलं पाणचट वाक्य जन्मात लिहिलं नसतं त्याच्या गळ्यात मारलंत. याच काकांची चारोळी मध्यंतरी कुणीतरी विनानावाची पुढे ढकलली होती. रात्री साडेअकराला केवढं रामायण झालं तेव्हा!

वपुंचेही, म्हणजे व. पु. काळ्यांचेही, तेच हाल. नात्यांवरचं गुळमुळीत वाक्य दिसलं की चिकटव खाली 'वपु'. आणि २७ फेब्रुवारीची जयंती आली की कुसुमाग्रजांची खैर नाही. वृत्ताचा पत्ता नाही, शुद्धलेखनाचा तर आनंदच, पण कविता म्हणे त्यांची.

परवा ग्रुपमधल्या एका मुलीने स्वतः लिहिलेली कथा टाकली. चांगली होती हो, खरंच. दोन अंगठे मिळाले तिला. एक माझा, एक अ‍ॅडमिनचा. अ‍ॅडमिनने तर उघडलीही नसेल. आणि चार्जिंगवाल्या उताऱ्याखाली अजून 'वाह वाह' चालूच आहे.