थवा उडवून काढलेला फोटो मला दाखवू नका

पाऊस ओसरला, कपाशीची वेचणी सुरू झाली की जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पाहुणी पाखरं उतरू लागतात. शेपटी हलवणारे चिमुकले धोबी पक्षी लवकर येतात. मग तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, ही सगळी बदकंच. डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, म्हणजे पट्टकादंब, येतात ते थंडी पडल्यावर, थेट हिमालय ओलांडून. आणि त्यांच्या मागोमाग आपल्या गाड्या. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून कोणी खडा मारतो, कोणी टाळ्या वाजवतो, आता तर ड्रोनही आले. याचा मला मनापासून राग येतो.

"एकदा उडालं तर काय बिघडलं?" असं विचारतात. अहो, एवढ्या प्रवासात अंगावरची चरबी झडलेली असते. इथे येऊन खायचं आणि विसावा घ्यायचा, एवढंच त्यांना करायचं असतं. तुम्ही एकदाच उडवता, पण तुमच्या आधी कोणी येऊन गेलेलं असतं आणि नंतरही कोणी येणार असतं. रविवारी तर त्या पाखरांना चरायला उसंतच मिळत नाही.

पाखरू उडायच्या आधी सांगतं, आपण बघत नाही. चरणारं बदक मान ताठ करतं. एकाचं बघून शेजारचीही माना वर करतात, चरणं थांबतं, सगळी हळूहळू काठापासून पाण्यात सरकतात. पहिली मान वर झाली की जिथे असाल तिथेच थांबा, खाली बसा, जमलं तर चार पावलं मागे या. थोड्या वेळाने माना खाली जातात. खरं बघणं तिथून सुरू होतं. थापट्या गोल गोल फिरत पाणी घुसळून चोचीने गाळतात, तलवार बदकं शेपट्या वर करून तळाशी पोचतात, चक्रवाकाची जोडी काठावर पिसं साफ करत बसते. उडत्या थव्यात यातलं काय दिसतं?

ज्वारीवरच्या भोरड्या गोफणीने हाकलणाऱ्या शेतकऱ्याला मी यात धरत नाही. त्याच्या घासाचा प्रश्न आहे.

रानपिंगळ्याची, म्हणजे जंगलातल्या छोट्या घुबडाची, गोष्ट याहून नाजूक. १८८४ नंतर ११३ वर्षं कोणा अभ्यासकाला न दिसलेला हा पक्षी १९९७ च्या नोव्हेंबरात सापडला तो आपल्या शहाद्याजवळ. दिवसाढवळ्या दिसतो, साद घातली की उत्तर देतो, आणि नेमका त्याचाच फायदा घेऊन काही जण मोबाईलवर त्याचा आवाज वाजवतात. त्याचा विणीचा काळ ऑक्टोबरपासूनच सुरू होतो. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. मग शिकार, जोडीदार, ढोली सोडून तो त्या खोट्या आवाजामागे फिरतो. हे थांबलंच पाहिजे.

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह आहे. हतनूरला येणार असाल तर सकाळी लवकर या, भडक कपडे नकोत, गाडी लांब लावा आणि दुर्बीण आणा. दुर्बीण नसेल तर माझी घ्या, आळीपाळीने बघू.