बारा ट्रॉलीबस, पंचवीस हायब्रिड

मार्च २०१८ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, डिझेल आणि वीज दोन्ही वापरणाऱ्या हायब्रिड बस सुरू झाल्या, तेव्हा मी मुद्दाम आईला घेऊन एक फेरी मारायला गेले होते. आईचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. बसची पायरी चढायची म्हणजे एक हात दांडीला, दुसरा माझ्या खांद्याला आणि मागे रांगेतल्या लोकांचं "चला ना मावशी". या बसचं तळ सगळं खाली, फुटपाथच्या बरोबरीला. आई कुणाचाही हात न धरता आत गेली, खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "ही आपल्या स्टॉपला कधी येणार गं?"

ती कधीच आली नाही. बसच मुळात फक्त पंचवीस होत्या.

पैसे एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाचे, बस टाटांच्या, चालवणार शहराची बससेवा बेस्ट. तंत्र असं, की डिझेल इंजिन थेट चाकं फिरवत नाही. ते जनरेटर चालवतं, जनरेटर बॅटरी भरतो आणि चाकं फिरवते ती इलेक्ट्रिक मोटर. ब्रेक मारला की तीच मोटर उलटं काम करते आणि वीज परत बॅटरीत टाकते. वायर नको, चार्जिंगचा खांब नको, डेपोत आहे तेच डिझेल पुरतं.

हे मुंबईसाठी किती योग्य होतं, याचा एक ढोबळ हिशोब करून बघा. भरलेली बस १६ टनांची धरा. ताशी ३६ किलोमीटरवरून ती थांबवली की जवळजवळ पाव युनिट वीज होईल एवढी ऊर्जा नुसती ब्रेक तापवण्यात जाते. सिग्नल, स्टॉप आणि मध्येच आडवी आलेली रिक्षा धरून एका फेरीत ४० वेळा थांबलात तर नऊ युनिटं हवेत गेली. डिझेल इंजिन एका लिटरमधून कामाची अशी साधारण साडेतीन युनिटंच काढतं. म्हणजे ब्रेकमधली निम्मी ऊर्जा जरी परत मिळाली, तरी एका फेरीला लिटर-सव्वा लिटर डिझेल वाचलं. हायवेवरच्या एसटीला याचा विशेष उपयोग नाही. सायन-कुर्ला-बीकेसी अशा अडखळत चालणाऱ्या रस्त्यावर मात्र आहे. म्हणून "हायब्रिड म्हणजे ना धड डिझेल, ना धड इलेक्ट्रिक" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. चूक तंत्राची नव्हती, पंचवीस या आकड्याची होती.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर बसच्या वर्कशॉपात फिटर होते. मी त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "अगं, पंचवीस गाड्यांसाठी कपाटात पार्ट कोण भरून ठेवणार? आणि पोरांचा हात बसणार कसा? एकाच जातीच्या पाचशे गाड्या हाताखालून गेल्या की आवाजावरून कळतं कुठे दुखतंय." मला या विषयावर जे म्हणायचंय ते जवळजवळ सगळं या बोलण्यात आहे. बस कारखान्यात तयार होते, पण ती जगते डेपोत. रात्री बाराला खड्ड्यात उतरून तिच्या पोटाखाली टॉर्च मारून बघणारा माणूस तिला ओळखत नसेल, तर कितीही महागडी बस दहा वर्षं कशी टिकेल?

मुंबईने हे आधीही करून पाहिलंय. १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस आल्या. किती? बारा. १९७१ मध्ये त्या बंद झाल्या. डोक्यावरच्या तारेवर विजेने धावणारी, धूर न सोडणारी बस साठ वर्षांपूर्वी या शहरात होती, हे आज कुणाच्या आठवणीतही नाही. कशी राहणार, बाराच तर होत्या!

लंडनचं उदाहरण मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. तिथे २००६ मध्ये ३६० नंबरच्या मार्गावर थोड्या हायब्रिड बस घालून सुरुवात झाली. पुढे २०१२ पासून नवी दुमजली हायब्रिड आली आणि तिची संख्या हजारावर नेली. तिथेही घोळ झालेच. २०१५ मध्ये त्यातल्या बऱ्याच बसच्या बॅटऱ्या गेल्या आणि त्या नुसत्या डिझेलवर धावत होत्या. मग वॉरंटीत बॅटऱ्या बदलून घेतल्या. ज्या शहराने शेकड्यांनी बस घेतल्यात, त्याचा फोन कारखान्याला उचलावाच लागतो. पंचवीसवाल्याने कुठल्या तोंडाने भांडायचं?

आता हायब्रिडचा विषय मागे पडलाय. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना प्रोत्साहन देणाऱ्या केंद्र सरकारच्या फेम योजनेच्या पहिल्या टप्प्यात हायब्रिडला अनुदान होतं, २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यात बससाठी सगळा भर इलेक्ट्रिकवर गेला. इलेक्ट्रिक बस यावी, मला हवीच आहे. पण आता बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, दुरुस्तीही त्याचीच. काही कंत्राटदार मधेच काम सोडून गेलेलेही आपण पाहिले. २०१९ मध्ये बेस्टने स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बस राखायच्या असं कामगार संघटनेशी ठरलं होतं. तो आकडा राहिला कागदावर आणि स्वतःचा ताफा दरवर्षी आटत गेला. त्या ताफ्याबरोबर काकांसारखी माणसंही निवृत्त होतायत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी उरलेलं नाही. मला खरी भीती याची वाटते. बॅटरी बाजारात विकत मिळते. आवाजावरून दुखणं ओळखणारा फिटर कुठून आणणार?

म्हणून नव्या बसला हिरवा झेंडा दाखवतानाचे फोटो आले की मी आता रंग आणि एसी बघत नाही. किती बस, मालक कोण, बिघडल्यावर हात कोण लावणार आणि आठव्या वर्षी बॅटरी बदलायचे पैसे कोण भरणार, एवढंच शोधते. बातमीत बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचंच उत्तर असतं.

त्या पंचवीस बसपैकी एखादी कुणी चालवली असेल, त्यावर कंडक्टर म्हणून ड्युटी केली असेल किंवा ती दुरुस्त केली असेल, तर कृपया खाली सविस्तर लिहा. चढावर कशी खेचायची, पावसाळ्यात काय व्हायचं, काय शिकवलं होतं, काय शिकवलं नव्हतं, सगळं. काकांनाही वाचून दाखवायचंय.