दाब, धर, सोड

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून ‘कटक’ असा आवाज यायचा. नेहमी नाही, खड्डा आला की. म्हणजे आमच्याकडे नेहमीच. पहिले दोन महिने मी रेडिओ मोठा करून काढले. हा उपाय स्वस्त आहे आणि त्याला पाना लागत नाही. पण मग ब्रेकचं पायडल दिवसेंदिवस खोल जायला लागलं, आणि पायडलवर रेडिओची मात्रा चालेना.

मेस्त्रीने वाकून चाक दोनदा गदागदा हलवलं आणि निदान केलं, “पुढचा लिंक रॉड गेला. मागच्या चाकातला ब्रेकचा सिलिंडर पाझरतोय. सकाळी सोडा, संध्याकाळी न्या.” मी लिंक रॉड म्हणजे काय ते बघून घेतलं. वीत-दीड वीत लांबीचा दांडा, दोन्ही टोकांना एकेक गोळा आणि एकेक नट. दोन नट! दोन नट काढायला आणि दोन लावायला हा माणूस दिवसभर गाडी ठेवून घेणार आणि वर मजुरी मागणार? मी इंजिनिअर आहे. सिव्हिलचा, पण नट हा नटच असतो.

शनिवारी सकाळी अंगणात मांड ठोकली. रत्नागिरीत एका गोष्टीची ददात नाही, ती म्हणजे चिरे. मागच्या चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चार चिरे लावले. हँडब्रेक ओढला. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.) गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली, आणि काढलेलं चाकही गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवलं. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर बसावी, माझ्यावर नको. गाडीखाली चिरा मात्र लावू नये. घराच्या भिंतीला तो कितीही भरवशाचा असला, तरी जॅक सुटल्यावर वरून गाडी आदळली की तो फुटू शकतो. एवढं सिव्हिलवाल्याला कळतं.

आणि मग तो नट.

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि गाडीला सोळा वर्षं झाली आहेत. त्या नटाचा रंग नट आणि आटे यांच्यातला सगळा भेद मिटून गेल्यासारखा होता. चौदाचा पाना लावून जोर दिला, तर नट फिरला! मी जिंकलो असं मला साधारण दहा मिनिटं वाटत होतं. नट फिरत होता, फिरत राहिला, बाहेर मात्र येईना. आतला गोळाही त्याच्याबरोबर गरगर फिरत होता. हे टाळायलाच त्या गोळ्याच्या दांड्याच्या टोकाला षटकोनी भोक असतं, त्यात ॲलन की घालून दांडा धरायचा आणि पान्याने नट फिरवायचा. भोक होतं. त्यात गंज भरलेला होता. आईच्या गोधडीच्या दाभणाने तो कोरून काढला, ॲलन की घातली, जोर दिला, आणि षटकोनाचं वर्तुळ झालं.

शेजारचे काका चहाचा कप घेऊन कुंपणापाशी आले. काका कुठल्याही कामाला हात लावत नाहीत, पण हजर असतात.

“स्प्रे मार,” काका म्हणाले.

स्प्रे मारला. त्या निळ्या-पिवळ्या डब्याची, डब्ल्यूडी-४०ची, एक गोष्ट मला आवडते. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला ओल हटवणारं रसायन बनवायला बसलेल्या लोकांना ते चाळिसाव्या खेपेला जमलं, म्हणून नावात ४०. याचा अर्थ एकोणचाळीस वेळा तेही माझ्यासारखेच अंगणात उकिडवे बसले असणार. मी स्प्रे मारून अर्धा तास थांबलो, चहा घेतला, परत आडवा झालो आणि नेटाने वीस मिनिटं नट आवळत राहिलो. होय, आवळत. उताणं पडून हात डोक्यावरून नेऊन पाना फिरवताना घड्याळाची दिशा कुठली, हे मला आजही नीटसं सांगता येणार नाही. काकांनीच विचारलं, “तू काढतोयस की लावतोयस?”

शेवटी हॅक्सॉ ब्लेड. ब्लेड हातात धरून, बोटांना फडकं गुंडाळून, एका वेळी अर्धा इंच मागेपुढे. तीन ब्लेडं गेली. चौथ्याला रॉड ‘टिंग’ करून सुटला आणि माझ्या कपाळावर आला. नवा लावायला सात मिनिटं लागली. मेस्त्री मजुरी त्या सात मिनिटांची घेत नाही, हे मला कपाळ चोळताना पटलं. पण रविवार शिल्लक होता.

रविवारी मागचं चाक. ते जॅकवर घेतलं, चिरे हलवून पुढच्या चाकांना लावले. ब्रेकचा ड्रम काढायचा. ड्रम हलेना. हातोडीने कडेकडेने ठोकला. गल्लीतली दोन कुत्री येऊन भुंकून गेली. तासाभराने काकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “हँडब्रेक खाली आहे ना?”

हँडब्रेक वर होता. म्हणजे आतले ब्रेक शू ड्रमला घट्ट मिठी मारून बसलेले, आणि मी बाहेरून ड्रमला ये म्हणतोय. हँडब्रेक सोडला. ड्रम तरीही आला नाही, याचा मला काकांसमोर थोडा आनंदच झाला. मग ड्रमवरची दोन बारीक आट्यांची भोकं दिसली. त्यात दोन बोल्ट घालून आळीपाळीने आवळत गेलं की बोल्टच ड्रमला बाहेर ढकलतात. आयुष्यात प्रथमच काहीतरी आवळल्याने सुटलं.

आतला सिलिंडर खरोखरच पाझरत होता. तो बदलला, ओले झालेले शूही बदलले. आता ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढायची. शाळेत पास्कलचा नियम शिकलो होतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. द्रव दबत नाही, हवा दबते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत जातच नाही, त्या बुडबुड्यालाच चेपण्यात खर्च होतो. (कचेरीत असा एक बुडबुडा माझ्याही वर आहे.) या कामाला दोन माणसं लागतात: एकाने पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी निप्पल (हवा सोडायचा बारीक स्क्रू) उघडून बंद करायचं.

बायको म्हणाली, “गाडी मागे घेताना तुला बाहेरून हात करून दाखवते, तेवढं पुरे आहे आपल्या संसाराला.” मुलाचा क्लास होता. काकांचा कप रिकामा झाला होता. उरली आई.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. आयुष्यात ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली नाही. तिने चपला बाहेर काढल्या, स्टिअरिंगला नमस्कार केला, पाठीशी उशी घेतली आणि पायडल मारायला सुरुवात केली. एका लयीत, थांबायचं नावच नाही. तिने तीस वर्षं शिलाई मशीन पायाने चालवलं आहे.

“आई, ब्लाउज नाही शिवायचा! मी ‘दाब’ म्हटलं की दाब, ‘धर’ म्हटलं की धरून ठेव, ‘सोड’ म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही.”

“दाब!”

“दाबलं.”

“धर!” मी निप्पल उघडलं. पारदर्शक नळीतून बाटलीत बुडबुडे आले.

“अरे, पाय खाली जातोय आपोआप!”

“जाऊ दे! धर! धर!” निप्पल बंद. “सोड!”

पंधरा-वीस वेळा हे झालं. बंदरावर निघालेली माणसं फाटकाशी घुटमळून जात होती. एकदा ‘धर’ आणि ‘सोड’च्या मध्ये नळी निसटली आणि ब्रेक ऑइलची पिचकारी माझ्या चष्म्यावर आणि गाडीच्या दारावर बसली. हे तेल रंग खातं, पण पाण्याने धुऊन जातं. मी कळशीभर पाणी आधी दारावर ओतलं आणि मग चष्म्यावर, यावरून बायकोने पुढे बरंच काही अनुमान काढलं.

बुडबुडे थांबले. नंतर पुन्हा आले. आधीपेक्षा जास्त. मी चक्रावलो. बॉनेट उघडून बघतो तर वरची तेलाची डबी कोरडी ठणठणीत. इतका वेळ खालून काढलं, वरून घालायचं राहिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून अख्ख्या नळीत नव्याने हवा भरली होती.

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय झालं? उसवायचं का परत?”

उसवलं. तेल भरलं, परत पहिल्यापासून. या वेळी तिला ‘दाब’, ‘धर’ सांगावं लागलं नाही, तीच मला सांगत होती. आठव्या खेपेला म्हणाली, “अजून पोकळ लागतंय. मशीनचा पट्टा सैल झाला की अस्संच लागतं.” तेराव्या खेपेला गप्प झाली, पाय दोनदा टेकवून पाहिला आणि म्हणाली, “आता टणक आहे. घाल टीप.”

निप्पल आवळलं. या वेळी दिशा बरोबर होती.

संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारली. सुरुवातीला वीसच्या वेगाने, दर दहा पावलांवर ब्रेक दाबून. आई शेजारी बसली होती आणि मी ब्रेक दाबायच्या आधी तिचाच पाय खालच्या पायपुसणीवर दाबला जात होता. पायडल वरच्या वर लागत होतं, गाडी जागच्या जागी थांबत होती. नाक्यावरचा मोठा खड्डा मी मुद्दाम घेतला. डावीकडून काही नाही.

उजवीकडून ‘कटक’.

मी आईकडे पाहिलं. तिने हात पुढे केला आणि रेडिओ मोठा केला.