पासपोर्ट, चोरखिसा आणि एका निवृत्त बँकवाल्यांची प्रतिक्रिया

नमस्कार काका,

प्रतिक्रियेखाली तुम्ही 'एक निवृत्त बँकवाला' एवढीच सही केलीत आणि मजकुरात दोनदा 'तुम्ही आजकालच्या मुली' म्हणालात, तेव्हा काका म्हणायला हरकत नसावी. मे २०१८ मध्ये रोमला सासूबाईंचा पासपोर्ट चोरीला गेला, त्यावर मी जे लिहिलं होतं ते तुम्हाला तीन ठिकाणी खटकलं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवायचा सोडून आम्ही गावभर मिरवत होतो, हा शुद्ध निष्काळजीपणा. दोन, 'दूतावास दोन दिवसांत नवीन पासपोर्ट देतो' हे माझं वाक्य साफ खोटं, कारण जर्मनीत शिकणारा तुमचा भाचा त्यासाठी आठवडेच्या आठवडे ताटकळला. तीन, असल्या गोष्टी चारचौघांत सांगायच्या नसतात, लोक हसतात.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं.

सोमवारी संध्याकाळी सासूबाईंच्या हातात जे पडलं तो पासपोर्ट नव्हताच. ते होतं इमर्जन्सी सर्टिफिकेट. घरी आम्ही सगळे त्याला 'तात्पुरता पासपोर्ट' म्हणत होतो, आणि लिहिताना 'तात्पुरता' गळला. हा शब्द गळण्याने केवढा घोळ होतो ते तुमच्या भाच्याच्या उदाहरणावरून कळलं. इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणजे भारतात परत यायचा एकेरी परवाना. त्यावर रोमहून पॅरिसला जाता येत नाही, सहल पुढे चालू ठेवता येत नाही. एकदा भारतात उतरलात की त्याचं काम संपलं. ते लवकर मिळतं, कारण दूतावासाला एवढंच पटवून घ्यायचं असतं की समोरचा माणूस भारतीय आहे आणि तो म्हणतोय तोच आहे.

नवीन पासपोर्टचं गणित वेगळं. तो काही वर्षं चालणार, जगभर चालणार, म्हणून इथल्या पासपोर्ट ऑफिसकडून खातरजमा होते, गरज पडली तर पोलीस पडताळणीही होते, आणि त्यात वेळ जातो. तुमच्या भाच्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट घेऊन काय उपयोग होता? सेमिस्टर टाकून नाशिकला येऊन बसला असता. त्याला नवीन पासपोर्टच हवा होता, म्हणून तो थांबला. आम्हाला मंगळवारी घरी यायचं होतं, म्हणून आमचं सोमवारपर्यंत भागलं.

म्हणजे पासपोर्ट गेल्यावर पहिला प्रश्न 'आता काय होणार' हा नसून 'आपल्याला घरी जायचंय की इथेच राहायचंय' हा असतो. दूतावासाच्या खिडकीवरही पहिल्यांदा तेच विचारलं गेलं होतं. मी ते लिहिलंच नव्हतं. आता ते वाक्य दुरुस्त केलंय आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय.

आता तिजोरी. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार.

सासूबाईंनी निघण्याआधी पंजाबी ड्रेसच्या सलवारीला आतून चोरखिसा शिवून घेतला होता, दोन गुंड्यांचा. पासपोर्ट तिथेच असायचा. त्या शुक्रवारी दुपारी पियात्सा नवोनाच्या जवळ त्यांनी माझ्या नणंदेसाठी चामड्याची पर्स घेतली, १८० युरोंची. तेव्हा इटलीत एकाच दुकानात साधारण १५५ युरोंच्या वर खरेदी केली की परदेशी पर्यटकाला कराचा परतावा मिळायचा, आणि त्यासाठी दुकानदाराला पासपोर्ट दाखवावा लागतो. ट्रायल रूममध्ये जाऊन गुंड्या सोडून पासपोर्ट बाहेर निघाला. फॉर्म भरून झाला. पुन्हा ट्रायल रूममध्ये जायचा कंटाळा. मीच म्हटलं, "आई, आत्ता तुमच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, हॉटेलवर गेल्यावर बघू." लार्गो अर्जेंतिनाहून आम्ही ६४ नंबरची बस धरली. ही बस व्हॅटिकनकडून तेर्मिनी स्टेशनकडे येते, पर्यटकांनी भरलेली असते आणि खिसेकापूंसाठी बदनाम आहे. हे मला नंतर कळलं. तेर्मिनीला उतरलो तेव्हा पर्सची चेन उघडी होती. आत गोळ्यांची डबी, चष्मा, बडीशेप, सगळं जागच्या जागी. पासपोर्ट तेवढा नाही.

तर चूक माझी होती, नाही म्हणत नाही. पण 'पासपोर्ट हॉटेलातच ठेवावा' हा नियम सगळ्या जगाला लावता येत नाही हो. जपानमध्ये पर्यटकाने मूळ पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा असा कायदाच आहे आणि नसला तर एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. स्पेनमध्येही परदेशी माणसाने ओळख पटवणारं मूळ कागदपत्र जवळ ठेवणं बंधनकारक आहे. उलट लंडनमध्ये फिरताना कोणी विचारत नाही, तिथे खुशाल तिजोरीत ठेवा. ज्या देशात जाताय तिथला कायदा बघायचा, आणि जवळ ठेवायचाच असेल तर तो अंगावर हवा, पर्समध्ये नको. एवढाच फरक. आणि तो मला त्या बसने शिकवला.

झेरॉक्सचं मी आधी दोन ओळींत उरकलं होतं, ते जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे पासपोर्टची प्रत होती, पण फक्त पहिल्या पानाची. बहुतेकांची तेवढीच असते, फोटोवालं पान. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं, पत्ता आणि फाइल नंबर असतो. अर्ज भरायला बसलो तेव्हा नवरा पुण्याला फोन करून सासऱ्यांना कपाटातला जुना पासपोर्ट शोधायला लावत होता, आणि पुण्यात रात्रीचा एक वाजला होता. व्हिसाचं पान आमच्याकडे नव्हतंच. ते मिळालं हॉटेलच्या रिसेप्शनवर. इटलीत प्रत्येक हॉटेलला आलेल्या पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवावी लागते, त्यामुळे चेक-इनच्या वेळी त्या मुलीने पासपोर्ट स्कॅन केला होता आणि सुदैवाने व्हिसाचं पानही. तिने छापून दिलं, वर एक कॉफीही दिली. तेव्हा प्रती घ्याल तर पहिलं पान, शेवटचं पान आणि व्हिसाचं पान अशा तीनही घ्या, आणि एक संच घरी राहणाऱ्या माणसाकडे ठेवा. असा माणूस, जो मध्यरात्री फोन उचलेल.

फोटोचीही गंमत. दूतावासाला तेव्हा दोन इंच बाय दोन इंच असा चौकोनी फोटो हवा होता. तेर्मिनीत जागोजागी फोटोची यंत्रं आहेत, पण ती युरोपच्या मापाचे उभे फोटो काढतात. आठ युरो घालवून सासूबाईंचे चार फोटो हातात आले आणि चारही बिनकामाचे. शेवटी पियात्सा व्हित्तोरियोच्या बाजूला एका बांगलादेशी दुकानदाराकडे गेलो. "इंडियन पासपोर्ट? टू बाय टू," तो आपणहूनच म्हणाला, आणि पाच मिनिटांत कापून हातात. म्हणाला, आठवड्याला एकतरी येतंच तुमच्याकडचं.

आता तुमचा तिसरा मुद्दा, की हे सांगायचं नसतं. काका, खरा राग मला या वाक्याचा आला.

पासपोर्ट गेल्याचं कळल्यावर आम्ही पोलिसांकडे गेलो ते अडीच तासांनी. ते अडीच तास कशात गेले? नवरा उलट्या बसने दुकानात जाऊन आला. मी तीनदा पर्स उलटी केली. आणि उरलेला वेळ 'कोणाला सांगायचं नाही हं, बाबांना तर मुळीच नाही' यात गेला. लाज वाटत होती. तुम्ही बँकेत होतात. चेकबुक हरवल्यावर स्टॉप पेमेंट सांगायला ग्राहक चार दिवस उशिरा का यायचा, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? पासपोर्टचंही तसंच आहे. हरवल्याचं कळवलं की तो रद्द होतो आणि त्याची नोंद इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या प्रवासी कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकते. ही यादी २००२ पासून चालू आहे. जोवर कळवत नाही तोवर तो जिवंत असतो आणि भलत्याच माणसाच्या हातात असतो. शिवाय पासपोर्ट आपला नसतोच. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात स्वच्छ लिहिलंय की तो कायम केंद्र सरकारच्या मालकीचा. सरकारची वस्तू हरवल्यावर आपण ती घरात लपवून कशी ठेवणार?

पोलीस चौकीत तिथल्या पोलीसबाईंनी एकच प्रश्न दोनदा विचारला: "फुर्तो की स्मारिमेंतो?" चोरी की हरवला? मी भांबावून 'लॉस्ट' म्हणणार होते. नवऱ्याने अडवलं, कारण आमच्या विम्यात चोरीला आणि हरवण्याला वेगळे नियम होते. तक्रारीची ती प्रत, तिला तिथे देनुन्चा म्हणतात, पुढे चार ठिकाणी लागली: दूतावासात, विमान कंपनीच्या काउंटरवर, विमानतळावरच्या पोलिसांकडे आणि विम्यासाठी. त्यातल्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ मोडला. तिथल्या मुलीने इमर्जन्सी सर्टिफिकेट आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती ते घेऊन आत गेली आणि चाळीस मिनिटांनी बाहेर आली. आमचं तिकीट आखातातून होतं. तिथे विमान बदलताना हा कागद चालेल का, ते शनिवारीच विमान कंपनीला फोन करून आम्ही विचारून ठेवलं होतं, त्यामुळे त्या फोनची नोंद दाखवता आली. थेट विमान असेल तर तेच घ्या.

हल्ली आपली मंडळी युरोपपेक्षा थायलंड-व्हिएतनामला जास्त जातात, म्हणून हेही सांगते. युरोपातून निघताना आम्हाला वेगळी परवानगी लागली नाही. व्हिएतनाममध्ये मात्र पासपोर्ट हरवला तर दूतावासाच्या कागदावर तिथल्या इमिग्रेशनकडून बाहेर जाण्याचा व्हिसाही घ्यावा लागतो. थायलंडमध्ये देशात आल्याचा शिक्का गेलेल्या पासपोर्टात असतो, तेव्हा त्याची नोंद इमिग्रेशनकडून नव्या कागदावर करून घ्यावी लागते. म्हणजे कागद हातात पडला त्याच रात्रीचं विमान पकडता येईल असं समजू नका.

परत आल्यावर इथे ३,००० रुपये भरून ३६ पानी पासपोर्ट पुन्हा काढला. हरवल्याच्या बदली काढताना नेहमीच्या दुप्पट पैसे पडतात, शिवाय प्रतिज्ञापत्र. त्यानंतर तीन आठवड्यांनी रोमच्या हॉटेलची मेल आली, की जुना पासपोर्ट पोलिसांकडे जमा झालाय, पाठवू का? सासूबाई हरखल्या, पण तो आता रद्द झालेला कागद. त्यावर कुठे जायला निघाल्या असत्या तर विमानतळावरच अडकल्या असत्या.

तुमची प्रतिक्रिया मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एक जुडी संपवली आणि म्हणाल्या, "त्यांना लिही, चोरखिसा होता. फक्त रिकामा होता."