हँडल नसलेल्या बोर्डाच्या रिव्ह्यूला वर्कशॉपकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचं सगळं वाचलं. वर्कशॉपमधल्या मुलांनाही वाचून दाखवलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ११ किलोच्या पोर्टेबल इलेक्ट्रिक बोर्डाला आम्ही उचलायला हँडलच दिलं नव्हतं. तुम्ही मांडवात हँडल बसवून घेतलंत, तेव्हापासून बोर्ड सारखा ट्रिप व्हायला लागला, म्हणजे आतली आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हलक्या प्रतीची. आणि दुरुस्तीला दिला तर आम्ही ऐन गणपतीत ६ दिवस ठेवून घेतला आणि "९० रुपयांच्या हँडलचे ८५० रुपये" लावले. मध्येच एक ओळ आहे, "वायरमनने आरसीसीबी डायरेक्ट केल्यावर दोन दिवस बोर्ड मस्त चालला." डायरेक्ट म्हणजे आरसीसीबी वगळून तारा सरळ जोडल्या. या ओळीमुळे मी फोन न करता इथे लिहितोय. तुमचा रिव्ह्यू इतर मांडववाले, लाइटवाले वाचणार आहेत.

आधी आमची चूक. हा बोर्ड आम्ही टेबलावर बनवला आणि टेबलावरच तपासला. १८ गेजचा पत्रा, ६ सॉकेट, प्रत्येक लाइनला वेगळी एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की तुटणारा स्विच), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, ४ स्क्वेअर मिमीची १५ मीटर केबल. आत काय हवं याचा बारीक विचार केला. पण हा बोर्ड टेम्पोतून उतरणार, स्टेजमागे जाणार, पाऊस आला की घाईघाईत दुसरीकडे हलणार, हे डोक्यात आलं नाही. तुमच्याकडच्या मुलाने तो केबलला धरून उचलला, यात त्याचा काही दोष नाही. धरायला दुसरं काही नव्हतंच.

केबलला धरून उचलल्यावर काय होतं ते तुमचा बोर्ड उघडल्यावर दिसलं. ग्लँड (केबल पत्र्यातून आत जाते तिथे तिला घट्ट धरणारी कॉलर) सैल झाली होती, केबल बोटभर बाहेर सरकली होती आणि फेजची तार टर्मिनलमध्ये ताणून बसली होती. अर्थिंगची तार आम्ही मुद्दाम लांब सोडतो, तिचा एक लूप ठेवतो. केबल उपसली गेलीच तर आधी फेज निघावी आणि अर्थिंग सगळ्यात शेवटी निघावी, म्हणून. तो लूप शाबूत होता. हा लूप मी गिऱ्हाइकांना नेहमी दाखवतो. पण केबल ओढलीच जाऊ नये, याची सोय मात्र आम्ही केली नव्हती. तुमची ही तक्रार शंभर टक्के मान्य.

आता ट्रिप होण्याबद्दल. तुमच्या वायरमनने दाराचं लोखंडी हँडल आणून वरच्या पत्र्याला चार स्क्रूंनी बसवलं. त्यातला एक स्क्रू दीड इंची होता. तो आत जाऊन न्यूट्रलच्या तारेत घुसला आणि इन्सुलेशन कापून तांब्याला टेकला. बोर्डाचा पत्रा अर्थिंगला जोडलेला असतो. त्यामुळे न्यूट्रलमधून परत जायचा थोडा करंट स्क्रूवाटे अर्थिंगमध्ये जायला लागला. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट मोजते आणि फरक दिसला की तुटते. म्हणूनच एलईडीच्या माळा लावल्यात तोवर बोर्ड टिकला, आणि हजार वॅटचा हॅलोजन लावला की लगेच ट्रिप झाला. जेवढा लोड जास्त, तेवढी गळती जास्त. काढलेली आरसीसीबी मी टेस्टरवर लावून पाहिली, ती ठीक आहे. तुमचा तो स्क्रू आणि तारेचा कापलेला तुकडा पिशवीत घालून ठेवलाय. आलात की बघा.

आणि आरसीसीबी डायरेक्ट करून चालवलेले ते दोन दिवस. न्यूट्रलच होता, काही झालं नाही, असं तुमचा वायरमन म्हणेल. पण मांडवात फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले जाणं काही नवीन नाही. प्लग घाईत भरला, जनरेटरवर बदली केली, की तीच तार फेज होते. मग अख्खा पत्रा आणि वरचं लोखंडी हँडल यांना फेज लागतो. आरसीसीबी डायरेक्ट केलेली. तेव्हा हँडल धरणाऱ्या माणसाचा सगळा भरवसा एका अर्थिंगवर, आणि मांडवातलं अर्थिंग कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

१९ वर्षांचा असताना मी एका मांडववाल्याकडे हेल्पर होतो. विसर्जनाच्या आदल्या रात्री पाऊस पडत होता. चिखलात उभं राहून पत्र्याचा बोर्ड उचलायला कडी धरली आणि हात सुटेना. शॉक बसला की माणूस फेकला जातो असं लोक म्हणतात. पण मुठीत धरलेल्या वस्तूचं उलटं असतं. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे करंट गेला की बोटांचे स्नायू आवळतात आणि मूठ आणखी घट्ट होते. जुने वायरमन पत्र्याला उलटा हात लावून बघायचे, ते याचसाठी. कोणीतरी जनरेटर बंद केला म्हणून मी वाचलो. दादा, हँडल ही मुठीत धरायची वस्तू आहे. बोर्डाच्या इतर कुठल्याही भागात फेज उतरला तर हात मागे घेता येतो, हँडलवरून येत नाही. म्हणून हँडलला आम्ही दाराच्या हँडलसारखं वागवू शकत नाही.

तुमच्या बोर्डाला आम्ही काय बसवलं ते बिलावर लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. नुसतं "हँडल बसवणे" लिहिलं. ही पुन्हा आमची चूक, म्हणून इथे लिहितो. आधी आतलं सगळं सामान बाहेर काढलं, मगच भोकं पाडली. सामान आत असताना ड्रिल मारलं की लोखंडाचा कीस टर्मिनलवर पडतो आणि टेम्पोच्या हादऱ्याने सरकत सरकत कधीतरी शॉर्ट करतो. १८ गेजचा पत्रा जेमतेम १.२ मिमी जाड असतो. ६ मिमीच्या बोल्टचे आटे १ मिमी अंतरावर असतात, म्हणजे नुसत्या पत्र्यात एखादाच आटा पकडणार. ११ किलोचे झटके त्यावर सोसत नाहीत, भोक हळूहळू मोठं होतं आणि एक दिवस हँडल हातात येतं. म्हणून आतून ३ मिमीची लोखंडी पट्टी लावली, आखूड बोल्ट, हादऱ्याने सैल न होणारे नायलॉक नट आणि बाहेरून पाणी जाऊ नये म्हणून रबरी वॉशर. पकड नायलॉनची आहे, म्हणजे हाताला लोखंड लागतच नाही. हँडल दुमडतं, कारण टेम्पोत बोर्ड एकावर एक रचले की उभं हँडल पहिल्या खड्ड्यातच वाकतं.

ते मधोमध नाही, उजवीकडे सरकलेलं आहे, हेही तुम्ही "वाकडं बसवलं" म्हणून लिहिलंत. ते तसंच हवं. ग्लँड, केबल आणि आरसीसीबी हे सगळं वजन उजव्या अंगाला आहे. आम्ही बोर्ड एका सळईवर ठेवून तोल कुठे येतो ते पाहिलं आणि तिथे हँडल घेतलं. मधोमध बसवलं असतं तर चालताना ग्लँडचा कोपरा गुडघ्यावर आपटला असता. एकदा उचलून चालून बघा.

शेवटी ग्लँड नवी टाकली, न्यूट्रल आणि फेजच्या तारा बदलल्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन तपासलं. ८५० पैकी ३५० हँडलचे आणि ५०० वायरिंगचे होते. हँडल आम्ही सुरुवातीलाच द्यायला हवं होतं, तेव्हा ते ३५० तुमचे, परत घेऊन जा. वायरिंगचे ५०० मात्र मी सोडणार नाही, ते काम स्क्रूमुळे निघालं.

६ दिवस लागले याला माझ्याकडे सबब नाही. योग्य मापाची ग्लँड पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, मिळायला २ दिवस गेले, बाकीचे दिवस बोर्ड रांगेत पडून होता. गणपतीत मांडववाल्याचा बोर्ड ठेवून घेताना बदली बोर्ड द्यायला हवा होता आणि आमच्याकडे एकही जादा नव्हता. आता २ बोर्ड फक्त बदलीसाठी बनवून ठेवलेत. नव्या बोर्डांना हँडल पावडर कोटिंगच्या आधीच वेल्ड होतं आणि त्यावर जाड रबरी पकड येते, त्यामुळे भोकच पडत नाही. जुन्या बोर्डांना वेल्डिंग करता येत नाही, उष्णतेने कोटिंग उडून पत्रा गंजतो.

हे वाचणाऱ्या ज्यांनी आमच्याकडून बिनहँडलचा बोर्ड नेलाय, त्यांनी नवरात्राच्या आधी आणून द्यावा. हँडलचे पैसे घेणार नाही. कोणी आधीच स्वतः हँडल बसवलं असेल तर बोर्ड मेनला न लावता तसाच आणा, आम्ही उघडून बघतो. तोवर केबल गुंडाळून बोर्डावर ठेवा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी खालून धरून उचला.